गोठ्यातला खोकला

क्षय झालाय असं कळल्यावर भेटायला येणारी माणसं फार धीट असतात. इतकी धीट, की उंबऱ्याबाहेर उभं राहून, नाकाला पदर लावून, "कशी हायस गं?" एवढंच विचारायला चार मैल चालत येतात. मग घरी जाऊन अंघोळ करतात. त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं, पण मला पाहून आल्यावर अंघोळीला मात्र कुठून तरी निघायचं.

हे मी त्यांच्यासाठी लिहीत नाही. ज्यांना कुणी तरी असंच बाहेर बसवलंय, त्यांच्यासाठी लिहितेय. सल्ला द्यायचा म्हटलं तर माझ्याकडे फारसा नाही. मला स्वतःला इतके मिळाले की सल्ल्याचं नाव काढलं तरी डोकं दुखतं.

मी उदगीरला शाळेत शिक्षिका होते. सातवीला शास्त्र शिकवायची. श्वसनसंस्थेचा धडा आला की फळ्यावर मधोमध एक नळी काढायची, खाली दोन्हीकडे सारखे फाटे काढायचे, त्यांच्या टोकांना दोन वांगी लटकवायची आणि म्हणायचं, ही फुफ्फुसं. पोरं उतरवून घ्यायची. त्या दोन फाट्यांत फरक असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

माझे मिस्टर लातूरला कारकून होते. लातूर जिल्हा झाल्याचं कौतुक अजून ओसरलं नव्हतं. कार्यालयं नवी, खुर्च्या नव्या, साहेब नवे, त्यामुळे मिस्टरांना फक्त रविवार मोकळा. मी आणि आमची तीन वर्षांची सुजाता उदगीरला दोन खोल्यांत राहायचो. सासूसासरे देवणीला. त्यांना मी आत्या आणि मामा म्हणते.

डाग

पावसाळा नावाला लागला तेव्हा मला खोकला सुरू झाला. मग संध्याकाळी ताप, उजव्या कुशीत दुखणं, घाण वासाची थुंकी. श्वास सोडताना छातीत बारीक शिट्टी वाजायची, तीही उजव्याच बाजूला. मी मोंढ्याजवळच्या एका डॉक्टरांकडे गेले. मोठं नाव होतं त्यांचं. नवा जिल्हा झाल्याबरोबर त्यांनी दवाखान्याची पाटी पुन्हा रंगवून घेतली होती. रोग्यांना बसायला बाक मात्र जुनंच होतं, एक पाय मोडलेलं.

त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला, तो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "डाग आहे."

मग त्यांनी माझं आडनाव विचारलं, सासर कुठलं, घर गावात कुठल्या बाजूला, हे विचारलं. उत्तर ऐकून चेहऱ्यावर समाधान पसरलं. "तुमच्या वस्तीत असतोच हा. क्षय."

थुंकी तपासली. काही निघालं नाही. पुन्हा तपासली, पुन्हा काही नाही. मी ते दाखवलं तर म्हणाले, "बाई, थुंकी फसवते. माझे डोळे फसत नाहीत." मी शिट्टीबद्दल सांगितलं, एकाच बाजूला वाजते म्हणून. "शिक्षिका आहात ना? मग शाळेत शिकवा," म्हणाले आणि घंटी वाजवून पुढच्याला बोलावलं. नळीनं माझी छाती त्यांनी साडीवरूनच ऐकली, तीही डाव्या बाजूला. आमच्या वस्तीचा डाग त्यांना फोटोत दिसत होता, उजवं-डावं दिसत नव्हतं.

बाहेर आल्यावर मी बाकावर बसले आणि ते कलंडलं. लोक हसले. मीही हसले आणि हसता हसता रडायला लागले. मला मरणाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त भीती सुजाताची वाटली. सकाळीच तिला मी माझ्या ताटातला भात भरवला होता.

नवा कप

शाळेतून रजा घेतली. "देवणीला जा, आई-अण्णा बघतील," मिस्टर म्हणाले. आई-अण्णांनी खरंच बघितलं. बैल विकून गोठा रिकामा झाला होता. तो झाडून, सारवून त्यात माझी बाज टाकली. सुजाताला घरात ठेवलं. मधे अंगण. हाक मारली तर ऐकू येईल एवढं अंतर, पण हाक मारायची नाही.

आमच्या मामांची एक गोष्ट सगळ्या पंचक्रोशीला पाठ आहे. तरुणपणी देवणीच्या हॉटेलात आपल्या लोकांसाठी वेगळा कप असायचा, बाहेर खिळ्याला टांगलेला, कानतुटका. आपणच काढायचा, आपणच धुवायचा, आपणच परत टांगायचा. मामांनी तो एक दिवस दगडावर आपटून फोडला आणि मार खाल्ला. जयंतीच्या कार्यक्रमात ही गोष्ट झाल्याशिवाय सभा सुटत नाही. लग्न होऊन आले तेव्हा ती ऐकून माझी छाती भरून आली होती.

गोठ्यातल्या पहिल्या सकाळी आत्या चहा घेऊन आल्या. कप मेढीच्या खिळ्याला टांगलेला होता. त्यांनी मला तो काढायला लावला, वरून चहा ओतला आणि म्हणाल्या, "पिऊन झालं की धुऊन तितंच लाव बाई."

मी कप हातात धरून बसले. मामा अंगणात तोंड धूत होते.

"मामा, ह्यो कप कुणाचा?"

"तुझाच की. नवा आणलाय."

"खिळाबी नवाच ठोकलाय जणू."

मामांना कळलं. त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. "तसं न्हाई पोरी. हे आजाराचं हाय."

"तेबी तसंच म्हणत असतील की. हे धर्माचं हाय, म्हणून."

मामा टॉवेल खांद्यावर टाकून आत गेले. कपाची जागा बदलली नाही. त्या दिवसापासून मामांबद्दल माझ्या मनात जे आलं त्याला राग म्हणत नाहीत. रागात थोडा तरी आदर उरलेला असतो.

भेटायला आलेले

आत्यांची मावसबहीण आली आणि गाढविणीचं दूध सुचवून गेली. शेजारचे ग्रामसेवक म्हणाले, मन आनंदी ठेवा. गोठ्यात. मिस्टरांचे एक मित्र लातूरहून आले, अंगणाच्या पार टोकाला उभे राहून त्यांनी नव्या जिल्ह्यात काय काय होणार आहे ते सांगितलं आणि निघताना म्हणाले, "वहिनी, लवकर बऱ्या व्हा. इतक्यात मरायचं नाही, आता खरी मजा येणार आहे!" कुठं काय बोलावं याचं शिक्षण कुठल्याच जिल्ह्यात मिळत नाही.

मिस्टर रविवारी यायचे. ते गोठ्यात यायचे, बाजेवर बसायचे सुद्धा, पण मी खोकले की त्यांची मान आपोआप दुसरीकडे वळायची. ती वळलेली कळली की ओशाळायचे. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता. संसारात त्या दोहोंत फार फरक पडत नाही.

रोज इंजेक्शन टोचून घ्यायचं. त्यानं कानात भुणभुण सुरू झाली, उठलं की गोठा फिरायचा. ताप चार दिवस जायचा, पुन्हा यायचा. आणि घरात सुजाता हसायची, रडायची, आजीला काही तरी मागायची, ते सगळं मला ऐकू यायचं. सुरुवातीला ती "आई" म्हणून रडायची. मग कमी झालं. मग एक दिवस ती पडली आणि "आजी गं" म्हणून रडली. मला वाटलं, हा आजार मला मारायला खूप वेळ लावतोय. त्याच्या आधी हे लोक मला पुसून टाकतील.

दसऱ्याच्या सुमारास थुंकीत रक्त आलं. मोंढ्याजवळच्या डॉक्टरांनी निरोप दिला की आता क्षयाच्या मोठ्या दवाखान्यात टाका, वर्षभर तरी लागेल. त्याच संध्याकाळी अंगणात बैठक बसली. मी गोठ्यातून ऐकत होते, ते लपवायचंही कुणाला सुचलं नाही. ठरलं असं, की सुजाताला देगलूरला माझ्या नणंदेकडे द्यायचं. तिला मूल नव्हतं. "तिकडंच वाडंल," आत्या म्हणाल्या. "हिचं काय, आज हाय उद्या न्हाई. लेकराला सवय लागलेली बरी."

मी उठून अंगणात गेले. सगळे मागे सरकले. मी मिस्टरांना म्हटलं, "उद्याच्या गाडीनं मला नांदेडला नेऊन दाखवा. तितल्या डाक्टरनं क्षयच म्हणलं तर तुमची पोरगी, तुमची बहीण, काय करायचं ते करा. पन मी येस्तोवर सुजी ह्या घरातनं हालली तर मी रोज ह्या वट्ट्यावर बसून खोकीन."

धमकी म्हणून ती हास्यास्पद होती. पण भित्र्या माणसांपुढे हास्यास्पद धमकीही चालते, हे मी त्या दिवशी शिकले.

गालात काय आहे?

नांदेडच्या दवाखान्यात रांग मोठी होती. छातीचे डॉक्टर वयस्क आणि तिरसट. बोलावलं की आधी ओरडायचे, मग विचारायचे. त्यांनी माझ्या पाठीला नळी लावली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. तिथेच थांबले.

"शिट्टी एकाच बाजूला वाजते."

चार महिने मी हेच सांगत होते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांना चापट मारावीशीही वाटली, कारण ते वाक्य त्यांनी असं म्हटलं जणू त्यांनीच शोधून काढलं.

"काही खाताना कधी ठसका लागला होता? जोराचा? श्वास अडकण्यासारखा?"

मी आठवून पाहिलं. "न्हाई साहेब. खाताना कधी न्हाई."

"नीट आठव. शेंगदाणा, फुटाणे, सुपारी?"

"सुपारी खात न्हाई मी."

त्यांनी मी आणलेला फोटो उजेडात धरला. मग माझ्याकडे पाहिलं. "गालात काय आहे?"

"काही न्हाई."

"गाल फुगलाय. तोंडात काय आहे?"

"चिंचोका हाय."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "आणि हे खाणं नाही?"

"खाणं?" मला खरंच प्रश्न कळला नाही. "ह्यो तर चिंचोका हाय."

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चिंचोके तव्यावर भाजायचे, कुटून वरचं तांबडं टरफल काढायचं, आतली पांढरी फाक दगडासारखी कडक असते, ती गालात धरायची. तासन्‌तास हळूहळू मऊ होते. तोंडाला पाणी सुटतं, तहान मारते, भूकही मारते. दुष्काळात टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक बाईच्या गालात एक फाक असायचीच. चिंचोका कुणी खात नाही. तो नुसता असतो. जेवलीस का विचारलं तर गालात चिंचोका असलेली बाई "न्हाई" म्हणते आणि ते खरंच असतं. मागे वळून पाहिलं तर मिस्टरांचाही गाल फुगलेला. डॉक्टरांची नजर गेल्याबरोबर त्यांनी आपली फाक घाईघाईनं गिळली.

मग आठवलं. उन्हाळ्यात उदगीरला टँकर आला, नेहमीच्या जागी न थांबता पुढे गेला आणि आम्ही सगळ्या घागरी घेऊन मागे पळालो. पळताना मी एकीला ओरडून काही तरी म्हणाले आणि एकदम श्वासच बंद झाला. डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणी पाठीत बुक्क्या मारल्या. खूप खोकले, मग थांबलं. मी घागर भरली आणि घरी गेले. फाक पडली असेल रस्त्यात, इतकाच विचार केला. त्याला कुणी ठसका म्हणतं का? पळताना लागलेली धाप होती ती.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग कागदावर दोन रेघा ओढून समजावलं. श्वासनळी खाली जाऊन दुभंगते. डावा फाटा हृदयाला वळसा घालून आडवा जातो, उजवा रुंद असतो आणि जवळजवळ सरळ खाली उतरतो. त्यामुळे चुकून आत गेलेली वस्तू बहुतेक उजवीकडेच घसरते. "खोकला हा नळीचा राखणदार. आधी तो जीव खाऊन ओरडतो. वस्तू एकदा घट्ट बसली की गप्प होतो आणि तुम्हाला वाटतं, संपलं. तुमचा तो चिंचोका आत ओल पिऊन फुगला. तुमच्या गावात नळाच्या लाइनीत बूच अडकलं तर पुढच्या गल्लीचं काय होतं?"

"पुढं पाणी जात न्हाई. साचलेलं नासतं."

"तेच. त्या बुचाच्या पुढचं फुफ्फुस हवेवाचून मिटलंय आणि नासायला लागलंय. फोटोत दिसतो तो डाग हाच. पण दुर्बीण आत घातल्याशिवाय मी शपथ घेणार नाही."

सातवीच्या पोरांना मी किती वर्षं दोन सारखे फाटे काढून दाखवले, याचा मला त्या क्षणी हिशेब लागेना.

आया

दुर्बिणीची पाळी यायला काही दिवस लागले. तोवर सगळ्यांच्या लेखी मी क्षयाचीच रोगी होते. वॉर्डात एक आया होती, मूळची तेलंगणाच्या बाजूची, मराठी बोलता बोलता मधेच तेलुगूत शिव्या द्यायची. पहिल्याच दिवशी ती कंगवा घेऊन आली आणि सरळ माझ्या खाटेवर बसली.

"क्षय हाय म्हनत्यात मला," मी म्हटलं.

"असू दे की. केसाला हाय का?" आणि वेणी सोडायला लागली.

कित्येक महिन्यांत माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. मी तोंड उशीत खुपसून रडले. ती गुंता काढत राहिली आणि वॉर्डातल्या मोठ्या नर्सबाईंना शिव्या देत राहिली. क्षयाच्या रोग्याला काय हवं असतं, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. खाटेवर बसा.

तिनंच मला एक गोष्ट सांगितली, तिची मी नंतर डॉक्टरांकडून खात्री करून घेतली. कपबशीनं क्षय लागत नाही. आणि औषध नीट चालू झालं की काही दिवसांत त्या माणसापासून इतरांना भीतीही उरत नाही. म्हणजे तो खिळा क्षयासाठीसुद्धा नव्हता.

भूल देऊन दुर्बीण घातली. शुद्धीवर आले तेव्हा घसा सोलल्यासारखा झाला होता. डॉक्टरांनी स्टीलची वाटी पुढे केली. तळाशी काळपट, फुगलेली, काढताना मोडून दोन तुकडे झालेली फाक. एवढीशी. तिच्यासाठी मला इंजेक्शनं टोचली, गोठ्यात ठेवलं, माझी पोरगी वाटायला काढली. मला वाटीवर थुंकावंसं वाटलं, पण घसा कोरडा होता.

चार-पाच दिवसांनी ताप गेला तो गेलाच. एका सकाळी मी खोल श्वास घेतला आणि तो उजवीकडे पार तळापर्यंत उतरला. दुखलं. पण उतरला. मी तसाच पुन्हा पुन्हा घेत बसले. फुकटची गोष्ट आहे म्हणून माणूस तिची किंमत करत नाही, नाही तर जगात एवढी चैन दुसरी नाही.

क्षय नव्हताच!

देवणीला उतरले तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. अंगणात सगळी जमली. आत्यांनी भाकरतुकडा ओवाळला. पूर्वी नाकाला पदर लावून आलेल्या बाया आता जवळ येऊन माझे हात चोळत होत्या. "क्षय न्हवताच बगा! म्या म्हनतच हुते!" एकही म्हणाली नव्हती.

मामा पुढे आले. डोळ्यांत पाणी होतं. "पोरी, चूक झाली. क्षय न्हवता गं तुला."

"आन्‌ असता तर?"

मामांनी डोळे पुसले.

"असता तर चूक न्हवती का, मामा?"

त्यांची माफी मी घेतली नाही. ती क्षय नसलेल्या बाईची मागितलेली होती आणि मी तीन महिने त्या गोठ्यात दुसरीच बाई म्हणून राहिले होते.

सुजाता दारात उभी होती. वाढली होती, उन्हानं काळवंडली होती. मी खाली बसले आणि हात पसरले. ती आली नाही. "जा की गं, आई हाय," आत्या म्हणाल्या. "आता काय न्हाई तिला."

सुजातानं विचार केला. मग तोंड मिटून मोठा श्वास भरून घेतला, गाल टम्म फुगवले आणि तशीच पळत आली, माझ्या हाताला बोट लावलं आणि पळत परत गेली. दाराशी जाऊन तिनं तो श्वास सोडला आणि हसली. पुन्हा श्वास भरला, पुन्हा पळत आली, पुन्हा बोट, पुन्हा मागे. तिला कुणी तरी शिकवलं होतं, आईजवळ श्वास घेतला की माणूस मरतं. तिनं त्यातून वाट काढली होती. मी नांदेडला जायच्या आधीही ती अशी येऊन गेली असेल का? बाजेवर मी झोपलेली असताना? विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

बाया हसायला लागल्या. काय खेळ करतंय लेकरू, म्हणून.

तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा मी तिला धरलं. दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. ती सुटायला धडपडली, माझ्या खांद्यावर मुठी मारल्या, पण तोंड उघडलं नाही. चेहरा लाल झाला, डोळे मोठे झाले. दारातून आत्या ओरडल्या, "सोड तिला, गुदमरंल!" मी सोडलं नाही. मला भीती वाटत होती, तिच्याहून जास्त. पण आता सोडलं तर ती आयुष्यभर माझ्याजवळ श्वास कोंडूनच येईल, हे मला दिसत होतं.

मग तिला राहवलं नाही. फुस्सकन श्वास सुटला आणि तिनं मोठ्यानं नवा आत ओढला, माझ्या गळ्याशी, माझ्याच अंगाजवळचा. हलेना. मरायची वाट बघत होती ती.

थोड्या वेळानं तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आई, म्या मेले न्हाई."

"न्हाई मरत गं," मी म्हटलं. "घे अजून."